कराडी विराम

मंगळवारी सकाळी मी गवार मोडत बसले होते, तेवढ्यात पुण्याहून पुष्कराजचा फोन आला, की एका यंत्राने चोरी पकडली आहे.

“चोर तुमची विद्यार्थिनी आहे मॅम,” तो म्हणाला. “पण माल तुमचा आहे.”

हा पुष्कराज आमच्या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचा समन्वयक. माझ्या धाकट्यापेक्षाही वयाने लहान, आणि ‘मॅम’ असं म्हणतो की दारात शेळी आल्यासारखं वाटतं. मी गवारीची पाटी बाजूला सारली.

“बाबा रे, नीट सांग. कसला माल?”

“ओयुनचिमेगचा निबंध. शिष्यवृत्तीसाठी पाठवला होता ना तिने? यंत्र म्हणतंय तो तिने लिहिलेलाच नाही. तुम्ही लिहिलाय.”

“मी? अरे, मला किराण्याची यादी लिहायचा कंटाळा! लोकांचे निबंध मी कशाला लिहीन?”

तर मी हेमलता पिसाळ. कराडात राहते. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात ऑनलाइन शिकवायला लागले, कारण आमचे हे, म्हणजे माणिकराव, पशुसंवर्धन खात्यातून माझ्याआधी निवृत्त झाले होते आणि घरात चोवीस तास दिसायला लागले होते. माझे विद्यार्थी सगळे परदेशातले. उझबेकिस्तान, पेरू, इथिओपिया, आणि ओयुन मंगोलियाची. हुशार मुलं. इंग्रजी बोलता येतं, वाचता येतं. पण विद्यापीठाला लागतं तसं लिहिता येत नाही. आधी मुद्दा, मग त्याचा पुरावा, मग त्यातून निघणारी गोष्ट, ही शिस्त मी शिकवते.

आता तुम्ही म्हणाल, दोन हजार एकेचाळीस सालात निबंध लिहायला शिकवतं कोण? यंत्र लिहून देतं की! तिथेच तर गंमत आहे. यंत्रं इतकं झकास लिहायला लागली, की विद्यापीठांचा चांगल्या लिखाणावरचा विश्वासच उडाला. सुंदर निबंध आला की पहिली शंका हीच, की कोणाकडून उतरवला? पाच-सहा वर्षं सगळा गोंधळ होता. मग विरामठसा आला.

ते सोपं आहे, सांगते. माणूस सलग लिहीत नाही. थांबतो. पाठ असलेला शब्द पटकन टाइप करतो आणि नवा विचार आला की बोटं हवेत राहतात. कोणी वाक्याच्या आधी थांबतो, कोणी मधेच, कोणी लिहून झाल्यावर. हे थांबे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजले, तर प्रत्येकाची नक्षी वेगळी निघते, अंगठ्याच्या ठशासारखी. यंत्राला शब्दांची नक्कल जमते, वाटेल तिथे थांबायचं नाटकही जमतं. पण त्याला थांबायला कारण नसतं, म्हणून त्याचा ठसा लगेच ओळखू येतो. त्यामुळे आता निबंधासोबत विरामठसा जोडावाच लागतो. कीबोर्डच तो नोंदवतो. आणि शिक्षकांनी मुलांना लिहून देऊ नये म्हणून आमचेही ठसे आधीच घेऊन ठेवलेत.

“तिचा ठसा तुमच्या ठशाशी शंभरात चौऱ्याण्णव जुळतो,” पुष्कराज म्हणाला. “आणि मॅम, यंत्राने खाली शेरा मारलाय, लिहिणारी व्यक्ती बहुधा मराठी भाषक.”

मला आधी हसूच आलं. कारण हे का झालं ते माझ्या तत्क्षणी लक्षात आलं होतं.

माझी शिकवायची एक रीत आहे. हायस्कुलात पोरं निबंधात लिहायची, ‘प्रदूषण ही फार गंभीर समस्या आहे.’ मी समोर उभी राहून विचारायची, “म्हंजे काय?” मग पोरगं डोकं खाजवायचं आणि लिहायचं, ‘आमच्या ओढ्यात आता म्हशी उतरत नाहीत.’ बघा! एकदम जीव आला. परदेशी मुलांना हेच मी आधी इंग्रजीत विचारून बघितलं. पण इंग्रजीत तो प्रश्न भांडण काढल्यासारखा वाटतो हो. इथिओपियाचा एक मुलगा तर दोनदा माफी मागून मोकळा झाला. मग एक दिवस तोंडातून आपसूक मराठीच निघालं, “अरे पण म्हंजे काय?” तो हसला, आणि पुढचं वाक्य असं लिहिलं की मीच बघत राहिले. तेव्हापासून प्रत्येकाला मी हेच शिकवते. वाक्य लिहायचं, थांबायचं, स्वतःला मराठीत विचारायचं, ‘म्हंजे काय?’ आणि उत्तर मिळालं तरच पुढे जायचं.

मीही तशीच लिहिते. म्हणजे ओयुनच्या बोटांत माझा थांबा उतरला होता.

आता पंचाईत अशी, की कंपनीच्या करारातलं चौथं कलम सांगतं, वर्गात इंग्रजीशिवाय एक अक्षर उच्चारायचं नाही. उच्चारलं तर नोकरी संपली. मुलांना इंग्रजीत बुडवून काढतो अशी कंपनीची जाहिरातच आहे.

“मी एक पत्र पाठवतो,” पुष्कराज म्हणाला. “त्यात लिहिलंय, की विद्यार्थिनीने तुमचे नमुना निबंध तुमच्या नकळत पाठ केले असावेत. उद्या संध्याकाळपर्यंत सही करा. तुम्ही सुटलात, कंपनी सुटली.”

“आणि ओयुन?”

“तिला पाच वर्षं कुठल्याही विद्यापीठात अर्ज करता येणार नाही. वाईट वाटतं मॅम, पण नियम आहे.”

फोन ठेवला आणि लगेच ओयुनला लावला. ती गोबीच्या कडेला, त्यांच्या त्या गोल तंबूसारख्या घराबाहेर बसली होती. मागे शेळ्या. आमचे हे चहाचा कप घेऊन माझ्या खांद्यावरून डोकावलेच. त्यांना मंगोलियातल्या शेळ्या बघायला फार आवडतात.

“बग्शा!” ओयुन म्हणाली. त्यांच्याकडे बाईंना तशी हाक मारतात. “काही काळजी करू नका. सगळं ठीक आहे.”

“म्हंजे काय?” मी खडसावून विचारलं.

तिने टॅबलेट जवळ ओढला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सोमवारी समितीने तिला लेखी विचारलं होतं, की प्रत्येक वाक्यानंतर तू इतका वेळ थांबून करतेस काय? तिने उत्तर दिलं होतं, विश्रांती घेते.

“विश्रांती? अगं बये, खरं का नाही सांगितलंस?”

“तुम्ही दुसऱ्याच तासाला सांगितलं होतं. हे आपल्यातच ठेव, कोणाला कळलं तर माझी नोकरी जाईल. मी हो म्हटलं होतं.”

मी कपाळाला हात लावला. अहो, मी ते गमतीत म्हटलं होतं! आपण नाही का म्हणत, ‘हे आपल्यातच हं’, आणि मग गावभर सांगत सुटतो! आपल्याकडे असं म्हटलं की समोरच्याला कळतं, की बाई विनोद करतेय. ओयुनने ती शपथ समजून पाळली होती.

“आणि घरी?” मी विचारलं.

तिने मान खाली घातली. “बाबा कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. ते म्हणतात, आपल्या घरात आजवर कोणी दुसऱ्याचं करडूसुद्धा स्वतःच्या कळपात घेतलं नाही. त्यांना वाटतं मी खरंच चोरलं. बाकी सगळं सोसेन मी. एक वर्ष नाही, पाच वर्षं शेळ्या राखेन. पण बाबा...”

आमच्या ह्यांनी कप खाली ठेवला.

फोन बंद झाल्यावर मी घरभर येरझाऱ्या घातल्या. मला ही नोकरी आवडत होती, खोटं कशाला सांगू? सकाळी दहाला पडद्यावर सहा देशांतली सहा तोंडं दिसली की दिवस छान जायचा. सही केली तर ती राहणार होती. खरं सांगितलं तर जाणार होती. आणि नुसतं खरं सांगून तरी भागणार होतं का? मी म्हणणार, मी शिकवलं. समिती म्हणणार, शिकवलं की सांगून लिहून घेतलं? पुरावा काय?

“सही करायची नाही,” आमचे हे म्हणाले.

“ते मलाही कळतं. पण सिद्ध कसं करू? ठसा तर जुळतोय.”

“त्या पोरीला मूर्खासारखं विश्रांती सांगायला कोणी सांगितलं? ती थांबते तेव्हा रवंथ करते.”

“तुम्हाला सगळीकडे जनावरंच दिसतात.”

“ऐक तर! शेळीपुढे कोवळं गवत टाक, तिचं रवंथ लवकर उरकतं. वाळका कडबा टाक, बसेल तासन्‌तास. रवंथाचा वेळ चाऱ्यावर असतो. सोंग घेणाऱ्याला हे कळणार नाही. तो आपला सगळ्याला सारखाच वेळ तोंड हलवत बसेल.”

मी उभीच राहिले. बत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा माझ्या विषयात काहीतरी कामाचं बोलला होता. ओयुन खरंच स्वतःला विचारत असेल, तर अवघड वाक्यानंतर ती जास्त थांबणार आणि सोप्या वाक्यानंतर थांबणारच नाही. मी सांगितलेलं उतरवत असेल, तर तिला काय अवघड आणि काय सोपं?

“हुशार आहात हो तुम्ही,” मी म्हटलं.

“उशिरा कळलं,” ते म्हणाले.

मी पत्रावर सही केली नाही. समितीला मेल केला, की शिक्षिकेला साक्ष द्यायची आहे.

गुरुवारी दुपारी अडीचला सुनावणी झाली. विद्यापीठ उत्तरेकडच्या एका थंड देशातलं, त्यांच्याकडे तेव्हा सकाळ होती. पडद्यावर समितीच्या अध्यक्ष डॉ. ब्रेनान, पांढऱ्या केसांच्या, ओठ घट्ट मिटलेल्या बाई. त्यांच्या शेजारी यंत्र सांभाळणारा लासे नावाचा तरुण. एका चौकोनात ओयुन, एकात मी. आणि एका कोपऱ्यात कंपनीतर्फे पुष्कराज, टाय वगैरे लावून. आमचे हे कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे दाराशी स्टूल घेऊन बसले होते. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, मी आपलं मराठीत सांगते.

“मिसेस पिसाळ, हा निबंध तुम्ही लिहून दिला का?” डॉ. ब्रेनान यांनी विचारलं.

“नाही. पण वाक्य संपल्यावर थांबायचं मी शिकवलं. आणि थांबून एक मराठी प्रश्न विचारायचा, तोही मीच शिकवला.”

पुष्कराजने चौकोनातच डोळे मिटून घेतले. “मॅम, कलम चार,” तो पुटपुटला.

“पाठ आहे मला कलम चार,” मी म्हटलं. ओयुन ओरडली, “बग्शा, नको!” पण मी तिला हातानेच गप्प केलं आणि प्रश्न समजावून सांगितला. मग रवंथ सांगितलं. शेळीसकट. डॉ. ब्रेनान यांचा चेहरा काही हलला नाही, पण लासे मात्र पुढे सरकून बसला.

“आमचं यंत्र थांब्याची घडण बघतं,” तो म्हणाला. “किती लांब, कसा सुरू होतो, बोटं परत कशी पडतात. कोणत्या वाक्यानंतर आला हे बघतच नाही. थांबा जरा, दोन्ही शेजारी ठेवतो.”

त्याने पडद्यावर ओयुनचा निबंध उघडला. वाक्यांखाली लाल रेघा होत्या, जितका थांबा तितकी लांब रेघ. ‘आमच्याकडे तीनशे शेळ्या आहेत’, याखाली रेघच नव्हती. ‘कुरण थकलं आहे’, याखाली नऊ सेकंदांची रेघ. आणि त्यापुढचं वाक्य, ‘माझ्या आईच्या लहानपणी गुडघ्याला लागणारं गवत आता घोट्यापर्यंत येतं.’ मग पाच सेकंद. मग, ‘पोट भरायला शेळीला रोज अकरा किलोमीटर चालावं लागतं, आणि भुकेली शेळी गवत मुळासकट उपटते.’ इथे रेघ संपली.

मग लासेने माझा नोंदवलेला मजकूर उघडला. ठसा घेताना तो मी कृष्णा-कोयनेच्या संगमाविषयी लिहिला होता. माझ्याही रेघा तशाच, पण मी भलत्याच ठिकाणी अडले होते. नदीचं वर्णन सरसर केलं होतं, आणि ‘संगमावर माणसाला शांत वाटतं’ इथे अकरा सेकंद बसले होते.

“थांबायची पद्धत एक आहे,” लासे सावकाश म्हणाला. “अडायच्या जागा ज्याच्या त्याच्या आहेत.”

“पुरेसं नाही,” डॉ. ब्रेनान म्हणाल्या. “मिस ओयुनचिमेग, आत्ता आमच्यासमोर लिहा. विषय असा, आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवावा?”

ओयुनने कीबोर्ड पुढे ओढला. पहिलं वाक्य उमटलं, ‘मी खोटं बोलले नाही.’ थांबली. ओठ हलले आणि त्या शांततेत सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं, “म्हंजे काय?” दाराशी आमचे हे खुदकन हसले. मी डोळे वटारले.

ओयुनने पहिलं वाक्य खोडलं. लिहिलं, ‘मी एकदा खोटं बोलले. मी विश्रांती घेते असं तुम्हाला सांगितलं.’ पुन्हा थांबली, पुन्हा ओठ हलले. ‘खरं सांगितलं असतं तर माझ्या बाईंचं काम गेलं असतं. माझी जागा गेली तर पुढच्या वर्षी दुसरी शोधता येईल असं मला वाटलं. अशा बाई पुन्हा कुठे शोधू हे मला माहीत नव्हतं.’

इथे ती थांबलीच नाही. पूर्णविराम देऊन हात मांडीवर ठेवले.

मी पदराने डोळे पुसले. कॅमेऱ्यात दिसलं असेल, दिसू दे.

डॉ. ब्रेनान यांनी ते पुन्हा वरपासून वाचलं. मग म्हणाल्या, “शेळ्यांच्या निबंधातला शब्द न्‌ शब्द तुमचा आहे?”

“म्हंजे काय!” ओयुन म्हणाली.

आता हा ‘म्हंजे काय’ वेगळा. मान उडवून, शेवटचा ‘काय’ जोरात आपटून म्हणतात तो. ‘हे काय विचारणं झालं?’ असा. तो मी तिला कधी शिकवला नव्हता. आमचे हे दिवसातून दहा वेळा म्हणतात, चहा घेणार का विचारलं तरी म्हणतात. माझ्या वर्गाच्या मागून ऐकून ऐकून पोरीने उचलला होता. आता मात्र आमचे हे मोठ्यांदा हसले, आणि त्यांचं हसणं थेट त्या थंड देशात गेलं.

“तुमच्याकडे आणखी कोणी आहे का?” डॉ. ब्रेनान यांनी विचारलं.

“माझे पती आहेत. रवंथाचे तज्ज्ञ,” मी सांगितलं. तेव्हा कुठे त्या बाईंच्या मिटलेल्या ओठांवर हसू आलं.

पण यंत्राचं काम राहिलंच होतं. प्रकरण बंद करायला लासेला एक रकाना भरायचा होता, आणि रकाने दोनच होते. ‘स्वतः लिहिलेलं’ आणि ‘दुसऱ्याने लिहिलेलं’. पहिल्यावर खूण केली की यंत्र परत लाल दिवा दाखवायचं, कारण ठसा जुळत होता. दुसऱ्यावर करणं म्हणजे पोरीला बुडवणं. लासेने तीनदा प्रयत्न केला आणि अध्यक्षांकडे बघितलं.

“तिसरा रकाना उघड,” डॉ. ब्रेनान म्हणाल्या.

“तिसरा नाहीच आहे.”

“मग बनव. नाव दे, ‘शिकवलेलं’. आणि खाली शिक्षकाच्या नावाला जागा ठेव. हे यंत्र बसवताना आपल्यापैकी कोणालाच ते सुचलं नाही याची मला लाज वाटते.”

लासेने पंधरा मिनिटांत तो रकाना बनवला. खूण केली. हिरवा दिवा लागला. ‘नाव कसं लिहू?’ म्हणाला. मी म्हटलं, “ल लिही बाबा. शेवटचा ‘ळ’ तुमच्या भाषेत नाही.” जगात त्या रकान्यात चढलेलं पहिलं नाव माझं. आणि ते चढत असतानाच माझ्या मोबाइलवर कंपनीचा मेल येऊन पडला, की कलम चारचा भंग झाल्यामुळे आजपासून आपल्या सेवेची गरज नाही. पुष्कराजच्या चौकोनाकडे बघितलं तर त्याने टाय सैल केला होता. “मॅम, मेल मी नाही पाठवला,” तो म्हणाला. “माझी बहीण बारावीला आहे. तिला शिकवाल का?” तेव्हा ते ‘मॅम’ मला पहिल्यांदा गोड लागलं.

“बग्शा, नोकरी?” ओयुनने विचारलं. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं.

“गेली,” मी म्हटलं. तिच्याशी खोटं बोलायचं आता काही कारण नव्हतं. “वाईट वाटतंय, फार वाटतंय. पण तुझं गेलं असतं तर मला झोप लागली नसती. आता रडत बसू नकोस. तुझे बाबा कुठे आहेत?”

“लांब. कळपाबरोबर.”

“मग पळ की!”

ती टॅबलेट हातात धरूनच पळाली. आम्हाला कधी आकाश दिसत होतं, कधी तिचे बूट. मग ती थांबली आणि मंगोल भाषेत जीव तोडून ओरडली. लांबवर एक माणूस काठी घेऊन उभा होता. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा ओरडली. त्याने टोपी काढली, आणि काठी तिथेच टाकून तो लेकीच्या दिशेने धावत सुटला, सहा फुटी, भारदस्त, साठीचा माणूस. शेळ्या घाबरून चारी बाजूंना पांगल्या. त्याने मागे वळूनही बघितलं नाही. टॅबलेट कुठेतरी गवतात पडला असावा, कारण मग नुसता आवाज येत होता, बापलेकीचा, दोघंही एकदम बोलत होते.

“अहो, शेळ्या! शेळ्या बघा!” आमचे हे पडद्याशी येऊन मराठीत ओरडायला लागले, एका हाताने डोळे पुसत.